शिंपल्यांच्या खिडक्या

घराचीं दारें आपण पाहतों, तुळया पाहतों. परंतु खिडकीचीं तावदानें ज्या लांकडी पट्ट्यांत बसलेलीं असतात, त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचेंहि कधीं गेलें नव्हतें. गेल्या माघांत मंगेशीचें दर्शन घेऊन आम्ही साष्टींतील एका परिचितांच्या जुन्या घरीं दोन दिवस राहिलों, तेव्हां तें प्रथम गेलें.

त्या खिडक्यांत कांच नव्हती, शिंपले होते. कांच दुर्मिळ व महाग होती त्या काळीं गोमंतकांतील सुतारांनीं खाडीच्या चिखलांत मिळणारा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला तिच्या जागीं योजिला. शिंपला वीतभरहि नसतो. कडा कापून चौकोनी केला कीं आणखी लहान. म्हणून पट्ट्यांस खाचा पाडून त्यांत हे तुकडे सरकवीत. पट्ट्यांची ती दाट जाळी शोभते खरी, पण ती मूळची गरजेची. युरोपांतहि फुंकून केलेल्या कांचेचीं तावदानें लहान, म्हणून पट्ट्या पुष्कळ असत. पुढें मोठ्या कांचा निघाल्या. १९५९ सालीं वितळलेल्या कथिलावर कांच तरंगवून सपाट करण्याची कृति जाहीर झाली. आतां अखंड कांचेवर नुसत्या शोभेच्या पट्ट्याहि चिकटवितात!

यजमानांच्या घरीं याच गोष्टीवरून वाद चालला होता. सूनबाई म्हणाल्या, "आई, मुलांना वाचायला उजेड पुरत नाहीं. खिडकी काढून सबंध कांच बसवूं या."

आजी म्हणाल्या, "अग, दुपारचें ऊन या शिंपल्यांतून दुधासारखें गाळून येतें. कांचेंतून तें तापतच येईल."

दोघींचेंहि म्हणणें खरें होतें. निकाल लागला तो म्हाताऱ्या सुतारामुळें. त्यानें माळ्यावरच्या मोडक्या खिडकीचे शाबूत शिंपले काढून फुटलेल्या चार घरांत बसविले. मुलांच्या मेजासमोरच्या दोन ओळींतले शिंपले मात्र काढून त्याच खाचांत स्वच्छ कांचेचे तुकडे सरकविले. पट्टी एकहि हलली नाहीं. संध्याकाळीं धाकटा नातू तेथेंच पुस्तक उघडून बसला, आणि शेजारीं आजी वाती वळीत होत्या.

सबंध कांच फुटली कीं सारें तावदान जातें. येथें फुटलें तेवढेंच बदलतां येतें. जुनी खिडकी उखडण्यापूर्वीं वाचकांनीं तिच्या पट्ट्या एकवार नीट पाहाव्या, एवढीच विनंति.