समासातला चेंडू

मराठी शाळेत असताना अंकगणिताच्या वहीच्या समासात मी पानोपानी एक चेंडू काढीत असे, आणि गुरुजींची पाठ फिरताच अंगठ्याखालून पाने फर्रकन सोडली, की तो चालू लागे. चालू लागे असेच म्हटले पाहिजे. कारण पट्टीने मोजून समान अंतरावर काढलेली ती वर्तुळे, प्रभातफेरीस निघालेल्या पेन्शनराप्रमाणे, एका संथ लयीत पानाबाहेर जात. उसळी म्हणून जी काही चीज असते, तिचा तिथे लवलेशही नव्हता.

पुढे मामलेदार कचेरीत कारकून झालो. जमाबंदीची धामधूम सरली, की रद्दी दप्तरातले पाठकोरे कागद दाभणाने शिवून मी पुन्हा त्या चेंडूच्या मागे लागे. एके दुपारी खिडकीबाहेर पोरे खेळत होती, तेव्हा ध्यानात आले, की चेंडू शिखरावर क्षणभर रेंगाळतो आणि खाली येताना घाई करतो; म्हणजे वरची चित्रे दाटीने आणि खालची विरळ काढली पाहिजेत. शिवाय भूमीला टेकताच तो चपटा होतो. मात्र तेथे हिशेब चोख हवा. उंचीच्या खाती जेवढे नावे पडेल, तेवढे रुंदीच्या खाती जमा झालेच पाहिजे. नाहीतर चेंडूतली हवा गेली असेच पाहणाऱ्यास वाटते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने टिपून पडद्यावर आणली, तेव्हा हा हिशेब निसर्गानेच सांभाळला होता. चित्रकाराला तो स्वतः मांडावा लागतो.

निवृत्तीनंतर डिस्नेच्या चित्रशाळेतले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांचा १९८१ सालचा ग्रंथ हाती आला. त्यात सांगितलेल्या बारा तत्त्वांपैकी पहिलेच माझ्या चपट्या चेंडूचे निघाले, आणि अर्धे आयुष्य खर्चून लागलेला शोध परक्याच्या नावे रुजू असल्याचे पाहून मी, खरे सांगायचे तर, थोडा खट्टू झालो. दुसरे तत्त्व पूर्वसूचनेचे : उडी घेणारा आधी गुडघ्यांत वाकतो. आमच्या कचेरीतला शिपाई उसने मागण्यापूर्वी घसा खाकरीत असे, तेच हे. बाकीची दहा वाचली. पण जीव या दोहोंतच गुंतला.

शिवलेली ती वही अजून फडताळात आहे. परवा नातवाने ती चाळली आणि मध्येच एकदा खुदकन हसला. कुठे हसला म्हणून पाहिले, तर ते सतरावे पान होते. त्यावर चेंडू जमिनीला टेकलेला आहे.