मंडपातला आवाज, मोबाइलमधला आवाज

गावच्या हरिनाम सप्ताहातलं कीर्तन मी युट्यूबवर लाइव्ह करतो. चित्राचं लोक चालवून घेतात. महाराजांचं डोकं अर्धं कापलं गेलं तरी बघत राहतात. आवाज फाटला की मात्र लगेच बंद करतात.

आणि कीर्तनाचा आवाज सांभाळायला अवघडच. निरूपणात महाराज मध्येच इतके हळू बोलतात की मंडपातली माणसं पुढे सरकून ऐकतात. पुढच्या क्षणाला वीस-पंचवीस टाळकरी आणि मृदंग एकदम सुटतात. डिजिटल आवाजाला वर छत असतं, शून्य डेसिबलचं. लाट तिथे आदळली की तिचं टोक सपाट कापलं जातं. नंतर आवाज कमी करून ते परत येत नाही, तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. म्हणून लेव्हल गजर चालू असताना लावायची. 'हॅलो, माइक टेस्टिंग'वरून काही कळत नाही. ओबीएसच्या मीटरवर मी बोलणं पिवळ्यात ठेवतो, उणे 20 ते उणे 9 च्या दरम्यान. गजर लाल पट्ट्यात डोकावला तर डोकावू दे. उणे 3 वर लिमिटर बसलेला असतो. काही जण कॉम्प्रेसर इतका आवळतात की कुजबूज आणि गजर एकाच उंचीचे होतात. मला ते ऐकवत नाही.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते. माझी आजी आता अंथरुणाला खिळलेली आहे, मोबाइल उशाशी ठेवून कीर्तन ऐकते. शेजारच्या गावचं लाइव्ह ऐकताना तिनं विचारलं, "मंडपात कुणीच नाही का रे?" मंडप खचाखच भरलेला होता. पण साउंडवाला मिक्स करतो तो मंडपासाठी. टाळ मुळातच खणखणीत, त्यांना तो माइक कशाला देईल? मग मिक्सरमधून थेट वायर घेतली की घरी पोहोचतात ते कोरडे, एकटे महाराज.

त्यामुळे आमच्याकडे मिक्सरच्या ऑक्समधून वेगळी वायर घेतो आणि एक माइक टाळकऱ्यांकडे तोंड करून खांबाला बांधतो. हा माइक फार मागे नेला तर घोटाळा होतो. 15 मीटरवर आवाज सुमारे 44 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा उमटल्यासारखा वाटतो.

मृदंगाची धुम मात्र मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. बेस वाढवून उपयोग नाही, वरची जागा तेवढी खाल्ली जाते. शाईच्या बाजूचे बोल स्पष्ट ठेवले की पुरतं. हे हेडफोनवर समजत नाही, म्हणून मी शेवटी साध्या फोनवर ऐकून बघतो.

यंदा काल्याच्या कीर्तनाला तो माइक आणखी थोडा पुढे घेतला. घरी गेलो तर आजी म्हणाली, "ते सारखं कोण खोकत होतं रे, टाळकऱ्यांत?"