कपाटातली घरं

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये दुसऱ्या मजल्यावर आलेल्या बहुतेकांचे पाय रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’कडे वळतात. त्याच मजल्यावर कासवाच्या कवचाने मढवलेलं, कथलाच्या वेलबुट्टीने भरलेलं एक कपाट उभं आहे. उंची अडीच मीटर, रुंदी जवळजवळ दोन मीटर. आत नऊ खोल्यांचं घर थाटलेलं आहे. वरच्या खोल्या नीट दिसाव्यात म्हणून समोर पायऱ्या ठेवल्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅमला यायचं ते हे कपाट पाहायला, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पेट्रोनेला ओर्टमन या बाईंचं हे घर. १६८६ मध्ये त्यांचं योहानेस ब्रांट या रेशमाच्या व्यापाऱ्याशी लग्न झालं. तेव्हापासून १७१० च्या सुमारापर्यंत त्या हे घर सजवत होत्या. सुतार, चांदीकाम करणारे, टोपल्या विणणारे, नामांकित चित्रकार अशा सगळ्यांना त्यांनी कामाला लावलं. दिवाणखान्याच्या भिंतींवरची निसर्गचित्रं निकोलास पिमॉन्ट या चित्रकाराची आहेत. खऱ्या घरात जी वस्तू ज्या सामानाची, इथेही ती त्याच सामानाची हवी, हा बाईंचा दंडक होता. खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाल्याचं सांगतात. रेम्ब्रांने १६३९ मध्ये राहतं घर घेतलं ते तेरा हजारांना, आणि तेवढंही फेडताना तो मेटाकुटीला आला.

आपल्याकडची भातुकली पोरींच्या हाती असते. चुलीवर खोटा भात शिजतो, बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं, खेळता खेळता भांडी पोचतात. हॉलंडमधल्या अशा बाहुलीघरांच्या कपाटांना मात्र पोरांचे हात लागणार नव्हते. श्रीमंत घरचे पुरुष नाणी, शिंपले, पदकं कपाटात मांडत, तशी त्यांच्या बायकांनी संसाराची कपाटं मांडली. आल्यागेल्याने ती बघावीत, वाखाणावीत, एवढाच त्यांचा उपयोग. प्रथा जर्मनीतून आली. बव्हेरियाच्या आल्ब्रेख्त ड्यूकसाठी १५५८ मध्ये असं एक घर बनलं होतं. म्युनिकच्या राजवाड्याला १६७४ मध्ये आग लागली, त्यात ते गेलं.

मी पायऱ्या चढून माळ्यापाशी थांबले ती बराच वेळ. एका बाजूला कपड्यांची खोली, छताखाली टांगलेल्या काठ्यांवर वाळत घातलेलं कापड. श्रीमंत घरात मोठी धुणी क्वचितच निघत, म्हणजे मधल्या काळाला पुरतील एवढ्या चादरी, नॅपकिन, टेबलावरची कापडं घरात असावी लागत. परटघडीचे थर जेवढे उंच, तेवढी घरची ऐपत. बाईंनी इथल्या इवल्याशा कापडांवरही नवऱ्याच्या आणि आपल्या आडनावाची आद्याक्षरं भरून घेतली होती. बोटभर चादर हरवली, तरी ती कुणाची हे कळावं!

शेजारी जळणाचा माळा. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटा हे हॉलंडचं सरपण. पाण्यावर वसलेल्या शहरात तळघर ओलं राहणार, म्हणून जळण वर. संग्रहालयातून निघून मी हेरेनग्राख्त या कालव्याच्या काठाने चालले, तेव्हा घराघराच्या शिखराशी पुढे आलेली तुळई आणि तिचा लोखंडी आकडा दिसत होता. त्यालाच दोर लावून पीट, पिंपं, पलंग वर ओढत. १६१३ च्या सुमारास खणलेल्या या कालव्यावरची कितीतरी घरं अजून उभी आहेत, २०१० पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण त्या घरांच्या आत कार्यालयं आहेत, बँका आहेत. पीट गेलं, वाळत घातलेलं कापड गेलं, टोपल्या गेल्या. जे वापरलं ते झिजलं आणि फेकलं गेलं. कपाटातलं कुणी वापरलंच नाही. सतराव्या शतकातल्या घरकामाचं सामान इतकं सगळं, इतकं आपापल्या जागी दुसरीकडे कुठे मिळणार? मला या कपाटाचं मोल वाटतं ते यासाठी. कवचाची कारागिरी आणि खर्चाचा आकडा त्यापुढे दुय्यम.

स्वयंपाकाच्या खोल्या दोन. एक राबती, दुसरी मिरवायची. मिरवायच्या खोलीतल्या फळ्यांवर चिनी मातीची भांडी लावली आहेत. ती बाईंनी चीन-जपानकडून मागवली होती. असा माल हॉलंडला येई तो १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, १६३७ मध्ये उघडलेली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून शिधा मिळे. वेंगुर्ल्याच्या त्या पडक्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी ही नखाएवढी निळी-पांढरी बशीही पाहावी.

या घरात आता माणसं जवळजवळ नाहीत, बाहुल्या हरवल्या. मात्र याकोब आपेल या चित्रकाराने १७१० च्या सुमारास हे कपाट जसंच्या तसं रंगवून ठेवलं, त्यात बाहुल्या आहेत. चित्र आणि कपाट दोन्ही पाहिल्यावर काय काय गेलं ते कळतं. जवळच पेट्रोनेला ड्युन्वा यांचं थोडं आधीचं, १६७६ च्या सुमाराचं घर आहे. ते लहान आणि साधं. पण त्यात मेणाच्या बाहुल्या आहेत, बाळंतिणीची खोली आहे. मला ते अधिक आवडलं.

असंच आणखी एक कपाट पाहायला मी हार्लेमला गेले. अ‍ॅमस्टरडॅमहून ते गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. हार्लेमच्या वाळूच्या टेकड्यांपाशी एके काळी मैलोगणती कापड पसरलेलं असे. टेकड्यांतलं स्वच्छ पाणी, ताक आणि ऊन यांवर ते पांढरं केलं जाई. चित्रकार राउस्डालच्या चित्रांत शहराच्या अलीकडे दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या त्याच कापडाच्या.

हार्लेमचं फ्रान्स हाल्स म्युझियम १६०९ च्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत आहे. तिथे सारा रोटे यांचं बाहुलीघर आहे. सतराव्या शतकातल्या बायकांनी नव्या वस्तू करून घेतल्या, सारा यांनी जुन्या गोळा केल्या. १७४३ मध्ये त्यांनी लिलावात तीन जुनी बाहुलीघरं विकत घेतली, ती मोडली, नवी कपाटं बनवून घेतली आणि खोल्यांची, सामानाची नव्याने मांडणी केली. त्यातून दोन घरं उभी राहिली. एक हार्लेमला, दुसरं हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये.

जुन्या वस्तूंच्या संग्राहकाला ही मोडतोड रुचणार नाही. मलाही रुचली नाही. आधी आपापल्या तऱ्हेने लावलेली तीन घरं त्यात कायमची गेली. कुठली खुर्ची कुठल्या खिडकीशी होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण सारा यांनी वह्या ठेवल्या. काय घेतलं, कुणाकडून करवून घेतलं, किती पैसे पडले, स्वतः काय शिवलं, हे सगळं त्यांत उतरवलं. बाहुल्यांचे कपडे त्यांनी स्वतःच्या हाताने केले. त्या वह्या टिकल्या. त्यामुळे ओर्टमनबाईंच्या घराबद्दल जे तर्काने सांगावं लागतं, ते सारा यांच्या घराबद्दल हिशेबासकट सांगता येतं. संग्रह करणाऱ्याने आधी वही घालावी आणि मग वस्तूला हात लावावा, असं मला त्या कपाटापुढे फार वाटलं. आपल्याकडे आजीच्या भातुकलीतलं पितळी सामान दिवाणखान्यात मांडणारे पुष्कळ आहेत. ते कुठल्या पेठेतून आलं, कुणाच्या रुखवतात होतं, हे लिहून ठेवणारे थोडे.

हार्लेमहून परतताना उत्रेख्तचं तिकीट काढलं. तिथल्या सेंट्राल म्युझियममध्ये पेट्रोनेला द ला कूर यांचं घर आहे, साधारण १६७० ते १६९० दरम्यान सजवलेलं. बाग आहे, आणि एका खोलीत कलादालन आहे. त्यातली इवली चित्रं खऱ्या चित्रकारांनी रंगवली आहेत. द ला कूरबाई १७०७ मध्ये गेल्या, पण घर बाहुल्यांसकट टिकलं.