चंद्रावरचं घड्याळ आणि गिरणीतली वीस मिनिटं



माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून बरंच बोललं गेलं. गल्लीचं सोडा, चळवळीतलीच काही पोरं म्हणाली, "कामगार कवी म्हणवतो आन् हातात हे? मध्यमवर्गी माज आला याले." म्हणून लिहितोय. माफी मागायला नाही. हिशेब मांडायला.

आधी घड्याळ. ओमेगा स्पीडमास्टर नावाचं एक स्विस घड्याळ आहे, क्रोनोग्राफ. म्हणजे वेळ तर दाखवतंच, वर बाजूचं बटण दाबलं की एक वेगळा काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. मधे किती वेळ गेला तो पुरावा समोर. ऊन, गारठा, हादरे असं सगळं देऊन १९६५ साली अमेरिकेच्या नासानं ते अंतराळवीरांसाठी पास केलं. जुलै १९६९ मध्ये ते ऑल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर फिरलं. आर्मस्ट्राँगनं आपलं यानात ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बंद पडलेलं. एप्रिल १९७० ला अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली. परतीची वाट नीट धरायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद ह्याच घड्याळावर मोजले. तीन माणसं जिवंत घरी आली.

त्या घड्याळाला लाखो रुपये पडतात. माझं ते नाही. मार्च २०२२ मध्ये ओमेगा आणि स्वॉच, एकाच घरातल्या दोन कंपन्या, त्यांनी त्याचं स्वस्त रूप काढलं. मूनस्वॉच. सूर्य, चंद्र, आठ ग्रह आणि प्लूटो, अशी अकरा. डबी धातूची नाही. दोन भाग सिरॅमिक, एक भाग एरंडेलापासून केलेला पदार्थ. जगात सगळ्यात जास्त एरंडी भारतात होते आणि त्यातली बहुतेक आपल्या शेजारच्या गुजरातेत. म्हणजे चंद्राचं घड्याळ म्हणा, मंगळाचं म्हणा, मुळात कुणीतरी उन्हात वेचलेली एरंडीच.

माझं शनीचं आहे. भुसावळच्या एका ओळखीच्या माणसानं दुबईहून आणलेलं, वापरलेलं. पंधरा हजार, पाच हप्त्यांत. शेजारची मावशी बघून म्हणे, "शनी कायले हातात बांधतो रे? साडेसाती मागं लागीन." माझ्या आधी माय बोलली, "साडेसाती तर पिढ्यान्‌पिढ्या होती बाई. ते छप्पन साली नागपूरले उतरली." आता ह्यावर मी काय कविता करू?

आमच्या वरणगावला १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, बंदुकीच्या गोळ्यांची. मागच्या पिढीतला माणूस तिथं पर्मनंट झाला की आधी एचएमटी घ्यायचा. बाही दुमडून वस्तीतून चालायचा. त्याला माज म्हणायचं का? ज्यांच्या अंगावर काय असावं हे गाव ठरवायचा, त्यांच्या हातावरची ती वस्तू होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इंदूरकडच्या बलाई लोकांवर १९२८ साली लादलेले नियम दिलेत. जरीकाठी पागोटं घालायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नाही. बायकांनी सोनंचांदी घालायची नाही. तेव्हा 'तुला कशाला पाहिजे?' हा प्रश्न साधा नसतो, दोस्तहो. तो फार जुना प्रश्न आहे. आपल्यातल्यानं विचारला तरी जुनाच.

आणि वेळ तरी आपला होता का? १९२९ साली, ह्याच खानदेशात, चाळीसगाव स्टेशनवर बाबासाहेब उतरले. बॅरिस्टर, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी नेमलेल्या सरकारी कमिटीचे मेंबर. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना, त्यांची इज्जत जाते म्हणून. तासभर ते स्टेशनवर थांबले. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि कधी न हाकणाऱ्या आपल्यातल्याच एकानं हाकला. पुलावर अपघात झाला. बाबासाहेब दगडावर फेकले गेले. तो एक तास कोणाच्या वहीत मांडला आहे?

आता गिरणीत या. मी सूतगिरणीत आहे. मोबाइल गेटवर जमा होतो. पाळी आठ तासांची, पण हुकूम असा की आधीच्या पाळीकडून मशीन ताब्यात घ्यायला अगोदर हजर राहायचं. ते अगोदरचं हजेरीत धरत नाहीत. सगळ्यांना वाटायचं, असतील पाच-सात मिनिटं. मी महिनाभर बटण दाबलं. आत पाऊल टाकलं की चालू, पाळीची घंटा झाली की बंद. घरी येऊन वहीत. सरासरी वीस मिनिटं. सव्वीस दिवसांची ५२० मिनिटं. आठ तास चाळीस मिनिटं. महिन्याला एक अख्खी पाळी फुकट, वर चाळीस मिनिटं. आमच्या पाळीत चाळीस माणसं. करा गुणाकार.

कारखान्यात स्टॉपवॉच पूर्वीपासून आहे. पण ते साहेबाच्या हातात असायचं. आपल्या पाठीशी उभा राहून तो आपले हात मोजायचा. ते मनगट बदललं, एवढंच मी केलं. वही दाखवली तर सुपरवायझर म्हणाला, "घड्याळ काढून ठेवायचं, मशीनमध्ये अडकेल." खरं आहे, अडकू शकतं. मी म्हटलं, "काढतो साहेब. भिंतीवर एक मोठं लावा, सगळ्यांना दिसेल असं." त्याच्या हातात घड्याळ होतं. त्यानं त्यात बघितलं आणि निघून गेला. त्या मागणीच्या अर्जावर आजपर्यंत सतरा सह्या झाल्या आहेत. तेवीस बाकी आहेत. काहींना भीती आहे आणि भीतीला कारणही आहे.

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढा दिला, तेव्हा १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला. बाबासाहेब मजूर मंत्री असताना कायद्याचं बिल आणलं, तेव्हा १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आणि ३ सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्याचा दिवस ९ तासांवरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. म्हणे कामगाराची लेखी संमती घेऊन. सुपरवायझर समोर कागद घेऊन उभा असताना संमती कशी असते, ते कंत्राटी पोराला विचारा.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. शनीचं घड्याळ कोणी घेऊ नका, परवडत नसेल तर. बाजारातलं दोनशेचं चालतं. पण मोजा. तारीख लिहा, आत शिरल्याची वेळ लिहा, बाहेर पडल्याची लिहा, शेजारच्या माणसाची सही घ्या. जादा कामाला दुप्पट मजुरी हे कायद्यात आहे, पण कायदा आकडा मागतो. त्यांनी १४ सेकंद मोजले म्हणून तीन माणसं वाचली. आपली वीस मिनिटं आपल्याशिवाय कोण मोजणार?