आधी हात सरळ करून दाखवा

कोपरावर पडून आलेल्या माणसाला मी लगेच हात लावत नाही. “दोन्ही हात समोर सरळ करा,” एवढंच सांगते. दुखरं कोपर दुसऱ्याइतकं पूर्ण सरळ झालं, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. इंग्लंडमध्ये सतराशेहून अधिक रुग्णांवर ही चाचणी पडताळली गेली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हात सरळ न झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं हाड मोडलेलं निघालं.

मग बोटांचं काम. तेही आधी चांगल्या कोपरावर. काटकोनात वाकवलेल्या कोपराची तीन टोकं, आतलं, बाहेरचं आणि मागचं, यांचा त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत येतात. सांधा निखळला तर त्रिकोण बिघडतो. दंडाचं हाड सांध्याच्या वर मोडलं असेल, तर सूज कितीही असो, त्रिकोण शाबूत राहतो. हल्ली हात लावण्याआधीच एक्स-रेची चिठ्ठी लिहिली जाते, याचं मला वाईट वाटतं. लहान मुलांच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि तो एक्स-रेवर दिसत नाही. बाहेरच्या टोकाचं हाड तर 10-11 व्या वर्षाच्या सुमारास उमटतं.

टेनिस एल्बोत मूठ वळवून मनगट वर उचलायला लावायचं आणि वरून दाबायचं. इथे कळ उठवावीच लागते, म्हणून ही चाचणी शेवटी आणि एकदाच.

झाडावरून पडलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र मी कोपर बाजूला ठेवते. आधी मनगटाची नाडी. मग अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगते. ती टोकं वाकवणारी नस कातडीला संवेदना देत नाही, त्यामुळे बधिरपणा विचारून तिची इजा कळत नाही. शेवटी त्याची बोटं मी हळूच सरळ करते. त्यात मूल कळवळलं, तर स्नायूंचं रक्त तुटत असण्याची भीती असते. असे स्नायू आखडून हात कायमचा वाकडा होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी 1881 सालीच मांडलं होतं. तरीही सुजलेलं कोपर तेल लावून चोळलं जातं, आणि चोळलेल्या स्नायूत हाड धरतं. तेव्हा मला राग आवरत नाही.

पट्टी बांधून झाली की आईला मी जवळ बसवून दाखवते: रात्री दोन-तीनदा उठून बोटं अशी सरळ करून बघा. तो किंचाळला, तर सकाळची वाट बघू नका, तसेच घेऊन या.