कोर्स घेण्याआधी चेहरा नीट बघा

मी कंटेंट रायटर आहे. ‘अवघ्या ३० दिवसांत तज्ज्ञ बना’ अशी वाक्यं लिहिण्याचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे माझा धाकटा भाऊ तशाच एका वाक्याला भुलला, तेव्हा मला नेमका राग कुणाचा आला, हे मला अजून कळलेलं नाही.

बारावीनंतर त्याने घरात जाहीर केलं, “मला डिजिटल ह्युमन मॉडेलिंग शिकायचंय.” आत्याने त्याच्या किरकोळ अंगाकडे बघत विचारलं, “मॉडेलिंग? तू?” मग त्याने सगळ्यांना समजावलं, की गेम आणि सिनेमांत अगदी खरी वाटणारी माणसं कॉम्प्युटरवर घडवतात, ते हे काम. बाबांना निम्मंच कळलं. तरीही त्यांनी एफडी मोडून १८,००० रुपयांचा पहिला हप्ता भरला.

तिसऱ्या आठवड्यात तो जेवायला उठेना. मी खोलीत गेले तर म्हणाला, “ताई, मला हे जमणारच नाही.” मला भीती वाटली ती या वाक्याची. पैसे पुन्हा कमावता येतात, पण १८ वर्षांच्या मुलाने स्वतःला नालायक ठरवलं, तर ते भरून काढणं अवघड असतं.

मी शेजारी बसून ते व्हिडिओ पाहिले. मला थ्रीडीतलं काही कळत नाही, पण सूचना वाचता येतात. व्हिडिओतले सर ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू उजव्या क्लिकने निवडत होते आणि भावाच्या कॉम्प्युटरवर ती डाव्या क्लिकने निवडली जात होती. शोधल्यावर कळलं, की २०१९ मध्ये ब्लेंडरची २.८ ही आवृत्ती आली आणि त्यात क्लिकपासून मेनूपर्यंत बरंच बदललं. हे व्हिडिओ त्याआधीचे होते. चूक त्याची नव्हतीच! पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

दुसरी चूक आजीने दाखवली. भावाने कसंबसं पूर्ण केलेलं डोकं बघून ती म्हणाली, “हा दुकानातला पुतळा वाटतो. पापण्या कागदाच्या चिकटवल्यासारख्या का रे?” तिचं बरोबर होतं. पापणीला जाडी असते आणि ती डोळ्याच्या गोल बुबुळावरून वळते. कोर्समध्ये कुठलं बटण कधी दाबायचं ते होतं, पण पापणी कशी असते हे कुठेच नव्हतं. माणसाची आकृती जवळजवळ खरी वाटते, पण पूर्ण खरी नसते, तेव्हा ती बघणाऱ्याला खटकते, असं मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९७० मध्येच लिहून ठेवलंय. आजीने मोरींचं नावही ऐकलेलं नाही, तरी तिला ते खटकलंच.

मग आम्ही शिकण्याच्या साधनांची तीन भागांत विभागणी केली. तुमच्या घरातही कुणी हे शिकत असेल, तर तुम्हीही करून बघा.

पहिला भाग शरीररचनेचा. कवटी, स्नायू, चरबी कुठे असते, त्वचा कुठे सैल पडते, हे सगळं यात आलं. हे ज्ञान जुनं होत नाही, म्हणून आधी खर्च इथे करा. उल्दिस झारिन्श यांचं ‘अ‍ॅनाटॉमी फॉर स्कल्प्टर्स’ हे पुस्तक चित्रांतूनच बोलतं, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं.

दुसरा भाग सॉफ्टवेअरचा. ब्लेंडर मोफत आहे. झेडब्रश उत्तम आहे, पण त्याला पैसे पडतात. हात बसल्यावर त्याचा विचार करा. मेटाह्युमनमध्ये थोड्या वेळात तयार माणूस मिळतो. तो बघून शिका जरूर, पण त्याच्या भरवशावर राहिलात, तर चेहरा कुठे चुकला हे ओळखता येणार नाही.

तिसरा भाग त्वचा आणि प्रकाशाचा. कानामागे दिवा धरला तर कान लालसर दिसतो, कारण प्रकाश त्वचेच्या आत शिरून पसरतो. संगणकावर हे दाखवलं नाही, तर चेहरा प्लास्टिकचा वाटतो.

आणि कुठलाही कोर्स विकत घेण्याआधी एवढं तपासा. व्हिडिओ कोणत्या आवृत्तीवर केलेत? एखादा धडा फुकट बघायला मिळतो का? शिकवणारा समोर खऱ्या माणसाचे फोटो ठेवून काम करतो की आठवणीतून? ‘असं करा’ म्हणताना तो ‘का’ हेही सांगतो का? विद्यार्थ्यांची कामं दाखवलीत, की फक्त सरांची? तुमच्या कामातल्या चुका कोण सांगणार? पैसे परत मिळण्याची अट लिहून दिली आहे का? आणि जाहिरातीतल्या शब्दांवर भाळू नका. ते कसे लिहिले जातात, मला माहीत आहे.

आता भाऊ आजीचा चेहरा घडवतोय, तिला विचारूनच. “आजी, जरा हस ना,” म्हणत तो तिच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांचे फोटो काढतो. आठ महिने झाले. कान अजून बिघडतात, केस तर सुरूच केलेले नाहीत. पण परवा आजी स्क्रीनकडे बघून म्हणाली, “नाक माझंच आहे हो.” त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

मीही एक गोष्ट बदलली. ‘३० दिवसांत तज्ज्ञ’ असं लिहायला मी आता नकार देते. त्यापायी एक क्लायंट गेला. दुसऱ्याने विचारलं, “मग काय लिहिणार?” मी लिहिलं, ‘३० दिवसांत सुरुवात करा.’ त्याने ते ठेवलं.