मधली फळी

गुडघे गेल्यापासून डेकच्या कामावर मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून असतो आणि फळ्या धरणाऱ्या, खाचेत लपणाऱ्या क्लिपा भाचा मारतो. बसल्या जागेवरून फळी दिसते, क्लिप दिसत नाही. मग मी कान लावतो. स्क्रू खालच्या फ्रेममध्ये उतरताना ड्रायव्हरचा आवाज आधी मोकळा असतो, मग जड होतो, मग क्लच कटकटतो. आवाज नुसता जड झाला की थांबायचं. पुढची फळी खाचेत सरकवून रबरी हातोडीने बसवली की मग ती क्लिप पुरती आवळायची. भाचा पहिल्याच दमात कटकट ऐकू येईपर्यंत मारतो. ‘‘मामा, टाइट तर झाली ना?’’ झाली. पण तिरकी झाली, एक पंख खाली आणि एक वर, आणि पुढची फळी त्या वरच्या पंखावर अडकून बसते. पोरगा आयटीआय करून आलाय, हात चांगला आहे, पण ऐकत नाही. म्हणजे दोन्ही अर्थांनी.

क्लिपांबद्दल मला फोन बरेच येतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माझं नाव ‘क्लिपवाला मिस्त्री’ असंच पडलंय. स्टीलची घ्यावी की प्लास्टिकची, काळी की चकचकीत? काळी घ्या, कारण चकचकीत क्लिप तिरप्या उन्हात फटीतून चमकते आणि मग लपवण्याचा खटाटोप कशाला? पण काळ्या रंगाखाली काय आहे ते रंग सांगत नाही. ३०४ ग्रेड म्हणून २०२ गळ्यात मारतात आणि दोन पावसाळ्यांत फटीच्या कडेने तपकिरी ओघळ उतरतात. लोहचुंबक घेऊन बाजारात फिरणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करतो. २०२ चुंबकाला दाद देत नाही आणि दाबून वाकवलेली अस्सल ३०४ कधीकधी थोडी देते, त्यामुळे चुंबकवाला नेमका खरा माल परत करून खोटा घरी नेतो. भंगारवाल्यांकडे थेंब टाकून रंग बघायची बाटली असते, ती खरी. शेजारचा सिंधी दुकानदार स्वतःच हसत सांगतो की आमच्याकडे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्याच्याकडून घेतलेली क्लिप मात्र मी आजवर थेंब न टाकता वापरली आहे. पोहण्याच्या तलावाशेजारी काम असेल तर ३१६ लावा. क्लोरीनपुढे ३०४ टिकत नाही.

हे सगळं सोपं आहे. पैसे टाकले की सुटतं.

लाकूड हलतं, हेही धंद्यातल्या माणसाला नवीन नाही. सागाची दीडशे मिलिमीटर रुंद फळी मे महिन्यातल्या कोरडेपणापासून ऑगस्टमधल्या ओलीपर्यंत रुंदीत साधारण दीड मिलिमीटर फुगते. म्हणजे बदलापुरात मे महिन्यात लावताना क्लिपच्या पाठीशी केसभर सैल ठेवायची आणि पावसात लावायची वेळ आलीच तर भिडवून लावायची. डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिक मिश्र फळीची, तऱ्हा वेगळी. ती उन्हाने लांबीत वाढते, तीन मीटरला तीन-चार मिलिमीटर सहज. म्हणून तिला मध्यावर एकाच जागी जखडायचं आणि बाकी क्लिपांतून सरकू द्यायचं. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पॅटर्नच्या कामाला होते. ओतकामात धातू निवताना आकसतो, तेवढी वाढ धरून त्यांच्या पट्टीवर इंचच मोठे आखलेले असत. मी सागाचा डेक करतो म्हटल्यावर ते म्हणाले होते, ‘‘आमचा धातू एकदाच आकसतो रे. तुझं दरवर्षी.’’

तेही जमतं. मला जे आजवर नीट जमलेलं नाही ते एकच: मधली फळी काढायची कशी?

खाचेतल्या क्लिपेची गोम अशी की प्रत्येक फळी शेजारणीला धरून बसते. पहिली भिंतीला, दुसरी पहिलीला, असं करत शेवटपर्यंत. साठ फळ्यांच्या डेकमधली तिसावी काढायची तर शेवटाकडून तीस उकलाव्या लागतात. ठाण्यात किंवा मुंबईत टेरेसवर हे चालून जातं, तिथे डेकखाली लादी असते आणि वर्षाला ओंजळभर धूळ. इथे उल्हास नदी आहे. बदलापुरात नदीकाठच्या बंगल्यांत २६ जुलै २००५ला पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ प्रवाशांसकट पाण्यात उभी राहिली, तेव्हा पुन्हा शिरलं. पाणी ओसरतं, पण डेकखाली वीतभर गाळ ठेवून जातं. त्या गाळावर वरून फटीतून ऊन पोचत नाही आणि वारा फिरत नाही. दिवाळीपर्यंत तो ओला राहतो आणि सागाला खालून खातो. मालक म्हणतो, ‘‘मिस्त्री, एक फळी उचला, पाइप घालतो, धुऊन टाकतो.’’ एक फळी!

यावर मी जेवढा डोकं फोडत बसलोय तेवढा मुलीच्या लग्नाच्या वेळीही बसलो नव्हतो.

पहिला मार्ग कापण्याचा. करवत फळीच्या जाडीएवढीच खाली सोडायची, मधोमध दोन चिरा मारायच्या, चिरफळ्या उचकटायच्या. नवी फळी बसवताना तिच्या एका बाजूच्या खाचेचा खालचा ओठ रंध्याने उडवायचा म्हणजे ती वरून क्लिपेवर उतरते. काम होतं. पण धडधाकट सागाची फळी केवळ खालचा चिखल बघायला कापायची, हे माझ्या हाताला पटत नाही.

दुसरा, खालून पट्ट्या मारून वरचं सगळं कोरं ठेवायचा. सुंदर काम, यात शंका नाही. पण जमिनीपासून फूटभर उंचीच्या डेकखाली उताणा शिरणार कोण? मी पूर्वी शिरलोय. तिथे विंचूही शिरतात.

तिसरा मार्ग मला काही काळ अगदी भुलवून बसला होता. फळीच्या कडेतून, फटीच्या आत, तिरका स्क्रू. वरून दिसत नाही आणि प्रत्येक फळी सुटी. लांब बिट फटीत घालायचा, उलटा फिरवायचा, फळी हातात. कागदावर याला तोड नाही. प्रत्यक्षात दोन पावसाळ्यांत गुलमोहराची पानं आणि रेती स्क्रूच्या डोक्यात अशी घट्ट बसते की बिट पकडतच नाही. शिवाय दोन्ही कडांना जखडलेल्या फळीला फुगायला जागा उरत नाही, मग ती मधून उचलते आणि पाणी धरते. मलेशियन मऊ लाकडात कदाचित चालत असेल. जुन्या सागाची कड मात्र आधी भोक पाडलं तरी स्क्रूबरोबर तडकते.

चौथा झाकणाचा. चार फळ्या खालून आडव्या पट्टीला जोडून एक उचलता येणारा तुकडा करायचा. हे सगळ्यात शहाणपणाचं आहे आणि अनेक वर्षं मी ते करायला नकार दिला. कारण असं, की झाकणाची चीर फळ्यांना आडवी जाते आणि ओसरीवर बसलेल्याला दिसते. ओसरीवर बसलेल्याला खरं तर चहा दिसतो. दिसते ती मला.

आता गर्वाचं सांगतोच. घरमालक स्क्रूबद्दल कधीच विचारत नाही. त्याला पाय भाजतात का एवढंच हवं असतं (पोकळ डब्ल्यूपीसीवर एप्रिलमध्ये भाजतातच, विकणारे काहीही सांगोत). लपवालपवी मी केली ती दुसऱ्या सुताराच्या डोळ्यासाठी. काम संपलं की मी आर्किटेक्टला सांगायचो, स्क्रूचं एक डोकं शोधून दाखवा. लग्नाच्या हॉलवर, रिसॉर्टला, कुठेही गेलो की चपला काढून दुसऱ्याच्या डेकवर फिरायचो आणि पिना दिसल्या की आत गुदगुल्या व्हायच्या. हल्ली बंदुकीने पिना मारून वर सिलिकॉन फासणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. त्यांची फळी दुसऱ्या वर्षी टाळ्या वाजवते. पण एक कबूल करायला हवं, ती उचकटायला पाच मिनिटं लागतात.

अंबरनाथच्या एका गृहस्थांनी मला एकदा शिवमंदिराचा दाखला दिला. वालधुनीच्या काठी १०६० सालापासून उभं आहे, दगडात दगड बसलाय, कुठे खिळा दिसतो का? मी म्हटलं, साहेब, दगड पावसाळ्यात फुगत नाही. आणि तिथल्या मधल्या दगडाखाली पाइप घालायला कोणी सांगितलेलं नाही.

सध्या मी येऊन थांबलोय तो जहाजवाल्यांच्या पद्धतीपाशी. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ साली सागात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज दुरुस्त्या होत होत आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. जहाजाच्या डेकवर डोकं खोल बसवून वर लाकडी बूच मारतात. बूच गोंदात न बसवता व्हार्निशमध्ये बसवायची जुनी रीत आहे, म्हणजे पुढे कोणाला खालचं उघडायचं झालं तर ते पटाशीने निघावं. मीही आता दर दहा-बारा फळ्यांनंतर एक किल्लीची फळी ठेवतो. तिच्या दोन्ही बाजूंचे खालचे ओठ उडवलेले, त्यामुळे शेजारच्या क्लिपांवर ती वरून उतरते. वरून स्क्रू, डोकं खोल, त्यावर बूच. बूच त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून काढलेलं, रेषेला रेष जुळवून. डब्ल्यूपीसीला हे चालत नाही. तिथे पोकळीवरची भिंतच पातळ, बूच धरायला जागा नाही, म्हणून रंगीत डोक्याचा स्क्रू लावतो आणि तिकडे बघत नाही.

बूच तासणं हे मात्र अजून शक्यतो माझंच काम. भाच्याला घाई असते. तो पटाशी सरळ फळीच्या पातळीला लावतो आणि एका ठोक्यात उडवतो. रेषा खाली उतरत असेल तर बूच पातळीच्या खाली तुटतं आणि तिथे खळगा राहतो. पहिला काप दोन सूत वर घ्यायचा. ढलपी कुठल्या बाजूला चढते ते बघायचं आणि मग उलट्या बाजूने पातळ-पातळ उतरत यायचं. शेवटचा काप हाताच्या दाबाने, हातोडी बाजूला ठेवून. आणखी एक, लोखंडी फ्रेमला भोकं पाडताना उडालेला बुरा त्याच दिवशी झाडायचा. पावसाळी हवेत सागातला कस लोखंडाला लागला की सकाळपर्यंत काळे ठिपके पडलेले असतात. ते ऑक्झॅलिकने निघतात, पण बुचाभोवती पडले तर लपवलेल्या प्रत्येक स्क्रूला कोणीतरी शाईने गोल केल्यासारखं दिसतं.

यंदा मे महिन्यात बारवी रोडकडे एक डेक झाला. किल्लीच्या फळ्या भाच्याने बसवल्या, बुचंही त्यानेच मारली, मी स्टुलावर होतो. काम स्वच्छ आहे. जुलैत डेकखाली पाणी आलं, मालकाने स्वतः बुचं काढून फळी उचलली आणि पाइप घालून धुतलं. फोनवर भाच्याचं कौतुक केलं. भाचा जाऊन नवी बुचं मारून आला. मी नंतर बघायला गेलो, बूड टेकून खाली बसलो. चार बुचांची रेषा फळीच्या रेषेशी थोडी तिरकी आहे. मालकाला दाखवली असती तरी दिसली नसती. दिवाळीनंतर तेल मारायला जायचंच आहे. त्या दिवशी भाच्याला कल्याणला माल आणायला पाठवीन आणि ती चारही बदलून टाकीन.